निश्या घरी असायचा

निशिकांत गेला तेव्हा मी इथे सिंगापूरमध्ये, अलेक्झांड्रा भागातल्या एका ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. त्याच्या बायकोचा, चित्राचा फोन आला. सकाळी पोळ्यांची कणीक मळता मळता तो खाली बसला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत संपला होता. चोपन्न हे काही जाण्याचं वय नाही. पण मला राग त्याच्या मरणाचा आलेला नाही. त्यानंतर जे झालं, त्याचा आलाय.

आम्ही दोघं रत्नागिरीचे, एका बाकावरचे. दोघंही मरीन इंजिनिअर झालो, दोघंही जहाजांवर गेलो. मी त्याला निश्या म्हणायचो, शेवटपर्यंत. तो सेकंड इंजिनिअर असताना चित्राला सिंगापूरमध्ये फायनान्सची नोकरी लागली, आणि लेकीला, तन्वीला घेऊन ती क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये आली. तन्वी दोन वर्षांची होती. सांभाळायला ठेवलेली बाई महिन्याभरात निघून गेली. निश्या तेव्हा सुट्टीवर होता. म्हणाला, "पुढचं जहाज मिळेपर्यंत मी बघतो."

पुढचं जहाज मिळालंसुद्धा. कंपनीचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच घरी जेवायला होतो. हा ओट्यापाशी उभा. "सर, आत्ता बोलता येणार नाही, फोडणी जळेल," म्हणाला आणि फोन ठेवून दिला. मला वाटलं, नंतर करेल. त्याने केलाच नाही.

आणि हा माणूस त्यात खूश होता, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. पहिली वेणी त्याने अशी घातली की जहाज बांधायचा दोरखंड वाटावा. तन्वी शाळेतून रडत आली. मग शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या एका तमिळ आईकडून तो नीट शिकला. सुरमईला इथे बतांग म्हणतात; ती विकणाऱ्या चिनी आंटीशी तो तिच्या होकिएन बोलीत मोडकंतोडकं भांडायचा, आणि ती सगळ्यात चांगला तुकडा त्याच्यासाठी बाजूला ठेवायची. तो संत वगैरे नव्हता. पत्त्यांत चक्क लबाडी करायचा, तन्वीच्या गणिताच्या अभ्यासाला बसला की अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडायचा.

मी एकदा विचारलं, "कंटाळा येत नाही तुला?"

"इंजिनरूममध्ये येत नव्हता का?" तो म्हणाला. "तिथे रात्री मशीन हाक मारायचं, इथे पोरगी मारते. मला पोरगी बरी वाटते."

लोकांना मात्र ते पचत नव्हतं. गणपतीत ओळख करून देताना "हे चित्रावहिनींचे मिस्टर" म्हणायचं आणि एकमेकांकडे बघून हसायचं. निश्या त्यांच्याहून मोठ्याने हसायचा. पण बाहेरच्यांचं सोडा. त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाने, हेमचंद्रने, पुण्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की निशिकांत अजून जहाजावर आहे आणि आता चीफ इंजिनिअर झालाय.

निश्याला हे कळलं पुतण्याच्या लग्नात. मीही होतो तिथे. हेमूदादा त्याला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "तू रजेवर आलायस असं सांगितलंय व्याह्यांना. तेवढं सांभाळून घे."

जेवणाच्या पंगतीत व्याह्यांनी विचारलंच, "सध्या कुठल्या जहाजावर?"

"जहाज केव्हाच सोडलं," निश्या म्हणाला. "घरी असतो. स्वयंपाक करतो, लेकीचं बघतो. बायको कमावते."

व्याह्यांचा घास हातातच राहिला. विहीणबाई मात्र खळखळून हसल्या, "अहो, मग यांना धाडते तुमच्याकडे शिकायला!" सगळी पंगत हसली. एकटा हेमूदादा हसला नाही. त्यानंतर तो निश्याशी बोलला नाही, दिवाळीच्या फोनवरसुद्धा नाही.

असा भाऊ, निश्या गेल्यावर, पहिल्या विमानाने हजर झाला. बिल्डिंगच्या खाली, मोकळ्या तळमजल्यावर, ज्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात, शोकसभा ठेवली होती. सोबत त्याने निश्याचा पांढऱ्या युनिफॉर्ममधला, पंचविशीतला फोटो आणला होता. चित्रामध्ये वाद घालायचं त्राण नव्हतं. तो फोटो टेबलावर लागला. मग हेमूदादा बोलायला उभा राहिला.

"माझ्या धाकट्या भावाने आयुष्य समुद्राला वाहिलं," तो म्हणाला. "चीफ इंजिनिअर म्हणून नाव कमावलं. पोटच्या लेकीचं बालपणही त्याला बघता आलं नाही..."

जे एकच सुख त्या माणसाने पोटभर घेतलं होतं, तेच हा गृहस्थ शंभर लोकांसमोर त्याच्याकडून काढून घेत होता! मी उठणार, तेवढ्यात तन्वी उठली. ती मराठीत फार बोलत नाही. बाबा मराठीत विचारायचा, ही इथल्या 'लाह' जोडलेल्या इंग्रजीत उत्तर द्यायची. त्या दिवशी मराठीत बोलली.

"काका, सॉरी. तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय. माझा बाबा घरी असायचा. रोज. मला ताप आला तरी तोच, माझी पाळी सुरू झाली तेव्हाही तोच. आई ऑफिसला होती. ही वॉज देअर लाह, काका. ऑलवेज."

"बाळ, मोठी माणसं बोलत असताना..."

"बोलू द्या तिला, भाऊजी," चित्रा बसल्या जागेवरून म्हणाली. "तिला माहीत आहे. तुम्हाला नाही."

हेमूदादा खाली बसला. नंतर लिफ्टपाशी मी त्याला गाठलं.

"दादा, का खोटं बोललास? आणि तेही आज?"

"अरे, माणसाने काही करून दाखवलं, असं सांगायला काहीतरी नको का?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरलेले होते. भावावर माया नव्हती असं मी म्हणणार नाही. पण "काहीतरी"? मी म्हटलं, "जे होतं ते सांगायचंस." तो लिफ्टमध्ये शिरला.

वाटलं, एवढ्यावर थांबेल. पुण्याला परतल्यावर त्याने तिथे वेगळी शोकसभा घेतली. तोच फोटो, तेच भाषण, लेकीच्या बालपणाचं वाक्यसुद्धा तसंच. व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर आला. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. मी फोन केला.

"काढून टाक तो व्हिडिओ."

"आता झालं ना. गेला बिचारा. जाऊ दे."

"बिचारा म्हणू नकोस त्याला," मी म्हटलं आणि पुढे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

व्हिडिओ अजून तिथेच आहे. तन्वीने त्याच्याखाली बाबाचा एक फोटो टाकला: अंगात जुना टी-शर्ट, हातात झारा, कुणावर तरी ओरडत असलेला. त्यावर बाकी कुणीही काही लिहिलेलं नाही. विहीणबाईंनी तेवढं लिहिलं, "हेच ते. पंगतीत भेटले होते."