शिलकी म्हंजे शिलं

“ल आणि ळ यातला फरक कळत नाही, आणि निघाली अंदाजपत्रक समजावून सांगायला.”

आमच्या संस्थेचे सर हे माईकवर बोलले. विरारला, एका मोठ्या सोसायटीच्या एसी हॉलमध्ये, शंभरेक माणसांसमोर. हॉल हसला. पहिल्या रांगेतला एक माणूस तर मांडीवर थाप मारून हसला. मी खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभी होते, हातात दुसरा माईक. तो बंद करायचं बटण मला सापडेना. त्यामुळे माझा श्वासही सगळ्यांना ऐकू जात होता.

मग सर जरा हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तू समजावू नकोस. तू फक्त माईक फिरव.”

मी फिरवला. पुढचा तासभर फिरवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मला कोणी शूर समजायला नको. ज्याचा हात वर दिसला त्याच्याकडे मान खाली घालून गेले. शेवटी बिस्किटांचे पुडे वाटले आणि मानधनाचं पाकीट घेतलं. दुसऱ्या दिवशी आईला डायलिसिसला न्यायचं होतं आणि रिक्षाला पैसे नव्हते, म्हणून घेतलं.

आमची वाडी मिठागराच्या बांधाला लागून आहे. बाप मिठागरावर राबला आणि तिथेच पाय कुजवून गेला. मिठागर बंद पडलं, आम्ही राहिलो. वाडीतून मुख्य रस्त्याला जायला एकच वाट, बांधावरची. मधे एक सखल जागा आहे. तिथे रस्त्याखालून पाणी जायला मोठी मोरी हवी आणि वाट दोन हात उंच हवी. एवढंच काम. ते नाही म्हणून पावसाळ्यात वाट पाण्याखाली जाते, कधी चार दिवस, कधी सहा.

आणि माझ्या आईला आठवड्यातून दोनदा मशीनवर झोपवावं लागतं. दोन्ही किडन्या गेल्यात. एक वार चुकला तर पाय सुजतात, दुसरा चुकला की तिला श्वास घेता येत नाही. गेल्या पावसाळ्यात तीन वार चुकले. चौथ्याला आम्ही तिला दरवाज्याच्या फळीवर निजवून, कमरेभर पाण्यातून चौघांनी उचलून नेलं. डॉक्टर मला म्हणाले, आता असं करू नका. जणू मी गंमत म्हणून केलं होतं.

त्या मोरीसाठी मी पालिकेच्या कचेरीत खेटे घालत होते. एक साहेब सांगायचे, काम अंदाजपत्रकात आलंय, होऊन जाईल. सहा महिन्यांनी त्याच टेबलावरून उत्तर, निधी नाही. मी म्हणायची, मग अंदाजपत्रकात आलं ते काय आलं? ते हसायचे आणि चहा मागवायचे. स्वतःसाठी.

म्हणून ती संस्था मला देवासारखी वाटली. पालिकेच्या वर्षभराच्या जमाखर्चाची गोष्ट साध्या माणसांना सोप्या भाषेत सांगायची, गावोगाव सभा घ्यायच्या, असं त्यांचं काम. सर त्यांचे प्रमुख. बँकेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं एकदम छापील. त्यांना वाडीवस्तीवरची एक बाई हवी होती. लोकांची भाषा बोलणारी, असं ते स्वतः म्हणाले होते. मी दहावी पास, बचत गटाचं दप्तर सांभाळते. मला घेतलं. सभेमागे मानधन ठरलं. मी घरी येऊन आईला सांगितलं की आता मोरी कुठे अडकली ते मला आतून कळणार. आई बिचारी खूश झाली.

त्यांनी मला एक पातळ पुस्तिका दिली. तिच्यावर ठळक अक्षरांत होतं, ‘यंदाचं अंदाजपत्रक शिलकी’.

आता आमच्या बोलीचं सांगते. आमच्याकडे ळ नाही, ण नाही. काळा तो काला, शाळा ती शाला. पाणी ते पानी. शाळेत पानी म्हटलं म्हणून बाईंनी मला पन्नास वेळा ‘पाणी’ लिहायला लावलं होतं. त्यामुळे लिहिता येतं मला सगळं. पण जीभ घरची आहे. आणि आमच्या घरी शिळ्या भाकरीला शिली भाकर म्हणतात. शिळं ते शिलं.

मी तो शब्द वाचला आणि मला खरंच वाटलं की शिलकी म्हणजे शिळ्यातलं काहीतरी. कालचं उरलेलं, आज पुन्हा वाढलेलं. कोणाला विचारायची लाज वाटली. मनात म्हटलं, साहेब लोकांचा शब्द असेल तसाच.

त्या दिवशी विरारच्या सभेला वाडीतल्या सहा बायका टेम्पोतून आणल्या होत्या. फोटोत महिला दिसायला हव्यात, असं संस्थेनं सांगितलं होतं. त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं. त्यात माझी सुमनकाकी, आमच्या शेजारच्या घरातली, सख्ख्या काकीसारखी. तिनं मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. सर पडद्यावर रंगीत गोल दाखवत होते आणि शिलकी, शिलकी म्हणत होते. काकीनं हात वर केला. मी माईक घेऊन गेले तर ती माईकला घाबरली आणि मलाच विचारलं.

“पोरी, ती शिलकी शिलकी करतान, ती काय गो?”

मी सांगितलं. आमच्याच बोलीत सांगितलं.

“शिलकी म्हंजे शिलं, काकी. कालचं उरलेलं, कोनी खाल्लं नाय तां.”

माईक चालू होता. पुढचं तुम्हाला सांगितलं आहेच.

हसले ते परके होते, ते एक वेळ सोसलं असतं. पण परतताना टेम्पोत काकी माझ्याशी बोलेना. वाडी आली तेव्हा उतरता उतरता एवढंच म्हणाली की मी विचारायलाच नको होतं, माझ्यामुळे तुझी शोभा झाली. ती साठीची बाई माझी माफी मागत होती. मी घरी जाऊन आईच्या पायांना तेल लावलं आणि सभा चांगली झाली म्हणून सांगितलं. मला स्वतःची इतकी शिसारी आली की जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वसईला डायलिसिस सेंटरच्या बाकड्यावर बसले. मशीनला चार तास लागतात. संस्थेच्या कपाटातून मी तीन वर्षांची मूळ अंदाजपत्रकं वाचायला आणली होती, ती जाडजूड, बारीक अक्षरांची. पातळ पुस्तिकेत मोरी नव्हतीच. मूळ पुस्तकात शोधायला मला दोन तास लागले. सापडली. आमच्या वाडीचं नाव, मोरी, बांधावरचा रस्ता, सगळं छापलेलं.

तिथे रकाने असतात. एकात, पुढच्या वर्षी किती द्यायचं ठरवलं. एकात, चालू वर्षी सुधारून किती केलं. एकात, मागच्या वर्षी खरोखर किती खर्च झाला. ठरवलेल्या रकान्यात आकडा होता. खर्चाच्या रकान्यात शून्य. दुसऱ्या वर्षाचं पुस्तक उघडलं. आकडा तोच, शून्य तेच. तिसऱ्यातही तेच. दर वर्षी आमची मोरी वाढली जात होती, कोणी खात नव्हतं, आणि पुढच्या वर्षी तीच पुन्हा वाढली जात होती.

मी शेवटच्या पानावर गेले. अखेरची शिल्लक. तिच्यात सगळा पैसा न झालेल्या कामांचा नव्हता, तेवढं मलाही समजतं. आमची मोरी त्यात चिल्लर असेल. पण अशी शून्यं मी बोटानं मोजत गेले, गटारं, जिने, पाण्याच्या लाइनी, दवाखान्याची खोली, आणि मोजणं सोडून दिलं. हा पैसा उरला नव्हता. उरवला होता. निधी नाही म्हणून मला परत पाठवणाऱ्या कचेरीनंच पुस्तकाच्या शेवटी शिल्लक दाखवून वर ‘शिलकी’ म्हणून मिरवलं होतं.

मी रडले. तिथेच, बाकड्यावर. सिस्टर धावत आली, तिला वाटलं आईचं काही झालं. शब्दाचं मूळ मी चुकले असेन. अर्थ मी चुकले नव्हते, आणि तरी तासभर मान खाली घालून फिरले होते.

आठ दिवसांनी पापडीला सभा होती. सरांनी मला आधीच बाजूला घेतलं. आवाजात माया होती. म्हणाले, मागचं विसर, मी तुला नीट लिहून देतो, तेवढंच वाचायचं. कागदावर लिहिलं होतं की महिन्याअखेरीस घरात चार पैसे उरले तर गृहिणीला समाधान वाटतं, तसंच आपल्या शहराचं आहे.

मी कागद घेतला. माझी वेळ आली तेव्हा उभी राहिले. कागद घडी करून कमरेला खोचला आणि घरच्या जिभेनं बोलले. ळ चा ल, ण चा न.

“घरान आई आजारी हाय. औषधाचं पैसं वेगलं काढून ठेवलं. औषध आनलंच नाय. महिना संपला तवा पैसं उरलं. याला समाधान म्हनाचं का?”

कोणी हसलं नाही. टाळ्याही नाही वाजल्या. मी पुस्तक उघडून रकाने वाचायला लागले. तीन वर्षांचे, वाडीच्या नावासकट. सर उठून आले. म्हणाले, हे राजकारण आहे, या व्यासपीठावर नको. निविदा असतात, परवानग्या असतात, काही पैसे राखीव असतात, तुला त्यातलं कळत नाही. मी म्हटलं, असेलही, मग तसं पुस्तिकेत छापा, की इतकी कामं करायची होती आणि ती केली नाहीत म्हणून हा पैसा आहे. त्यांनी माईक बंद करायची खूण केली. बंद झाला. मी बोलत राहिले. मिठागरावर वाऱ्यात हाक मारायची सवय आहे आम्हाला, शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज जातो.

ते म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

मी म्हटलं, “तुमी बोलावलं तरी येनार नाय.”

अर्धा हॉल तोवर उठून गेला होता. हेही खरं सांगते. लोकांना घरी जायचं होतं. दोन म्हाताऱ्या दाराशी थांबल्या, माझ्या पुस्तकाचं पान त्यांनी हातात धरून बघितलं, आणि त्यांच्या गावचं नाव शोधून द्यायला सांगितलं. नंदाखाल. मी शोधून दिलं. त्या दोघी उभ्या उभ्या वाचत राहिल्या.

त्या दिवशी पाकीट मिळालं नाही. त्यानंतर दोन वेळा मी आईला रिक्षाऐवजी उसन्या स्कूटरवर, ओढणीनं माझ्या पाठीशी बांधून नेलं.

आता वाडीत मी दर रविवारी बायकांना रकाने वाचायला शिकवते. सुमनकाकी पहिल्या दिवशी दारातच बसली, आत येईना. आता ती शून्य बरोबर ओळखते, चष्मा नसला तरी. आम्ही बावीस जणी कचेरीत जातो. प्रत्येकीचा वेगळा अर्ज, प्रत्येकीची वेगळी पोच. विचारायचं एकच, की तीन वर्षं ठरवलेला पैसा का खर्चला नाही, सही करून सांगा. साहेब चिडतात. एकीचा अर्ज पुरे म्हणतात. आम्ही नाही म्हणतो. काम अजून सुरू झालेलं नाही. उत्तरही आलेलं नाही. एका शिपायानं मला कानात सांगितलं की ताई, अशानं काम उलट अडकतं. अडकलेलंच आहे, आणखी काय अडकणार.

पावसाला थोडेच आठवडे उरलेत. आई आता वाटेबद्दल विचारत नाही. तिनं परवा मला सांगितलं की यंदा फळी काढू नका, मला घरातच राहू द्या. शांतपणे सांगितलं. मी तिच्यावर ओरडले. मी फार घाबरलेली आहे. ही भीती माझ्या अंगातून जात नाही आणि जाईल असं मला वाटतही नाही.

आई हा पावसाळा काढेल की नाही, ते माझ्या हातात नाही. पण एक आहे. प्रत्येक अर्जाच्या वर आम्ही आता तिचं पूर्ण नाव लिहितो, वय लिहितो, मशीनचे वार लिहितो. बावीस अर्ज, बावीस वेळा तेच नाव. दर आठवड्याला ते कचेरीच्या आवक नोंदवहीत चढतं. ती असो वा नसो, मी हे थांबवणार नाही. पुढच्या वर्षी त्या रकान्यात शून्य लिहायला जो बसेल, त्याला आधी माझ्या आईचं नाव माहीत असेल, आणि तरीही ते शून्य त्याला स्वतःच्या हातानं, सहीनिशी लिहावं लागेल.