मंगळवारची फाईल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. सांगायला बसलो की मुद्द्याशी येता येता मी वेबसाईटलाच शिव्या घालायला लागतो.

घालू नको तर काय? वर्ध्याजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात मी कारकून. कॉम्प्युटर बरा चालवतो म्हणून वेबसाईट माझ्या गळ्यात पडली. साहेबांनी उठसूट बदललेली पीडीएफ द्यायची, मी चढवायची. नवी चढवली की जुनी आपोआप जाते? छे. सिस्टीम नव्या फाईलच्या नावाला आकडा चिकटवते आणि पानावरचं ‘डाउनलोड’ बटण मख्खपणे जुनीच देत राहतं. लिंक हातानं बदलावी लागते. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

त्या वर्षी प्रवेशाच्या मुलाखती मंगळवारऐवजी सोमवारी ठरल्या. मी नवी फाईल चढवली. एकदा बटण दाबून पाहिलं असतं तरी – पण वैतागलो होतो, उठून गेलो.

मंगळवारी सकाळी नाचणगावची प्रतीक्षा वडिलांसोबत आली. मुलाखती आदल्या दिवशीच संपलेल्या. तिनं मोबाईल पुढे धरला.

“सर, तुमच्याच वेबसाईटवरून काढली जी. मंगळवारच लिवला हाय.”

साहेब तिथंच होते. म्हणाले, “चूक आपली असेल तर हिची मुलाखत आत्ता घेतो. बघा जरा.”

मी बघितलं. चूक माझीच होती. आणि मी – स्क्रीन माझ्याकडे ठेवूनच लिंक बदलली. मिनिटभराचं काम. मग स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. “इथं तर सोमवारच आहे, सर. हिनं जुनी कुठली तरी उघडली असेल.”

वडील तिला हळूच म्हणाले, “तुले तारीख बी वाचता येत नाई काय वं?”

ती रडली नाही. भांडलीही नाही. नुसती मोबाईलकडे पाहत राहिली – स्वतःवरच शंका आल्यासारखी. भांडली असती तर मी कबूल केलं असतं का? नसतं केलं.

गेल्या महिन्यात जाम गावाजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात चहाला थांबलो. गल्ल्यावर तीच. तिनं लगेच ओळखलं. पुढच्या वर्षी वडिलांनी पाठवलंच नाही, म्हणाली. रागानं नाही, सहज.

“माहीच चूक होती ना, सर. तवापासून मी सगळं दोनदा वाचून पाह्यतो.”

“चांगली सवय आहे,” मी म्हणालो.