आधी अहवाल, मग वर्ष

"झाला म्हणान लिवा," असं म्हणून ते पेनाचं टोपण दातांत धरायचे आणि आमच्याकडे अशा नजरेने बघायचे, जणू आत्ताच कार्यक्रम उरकून हातपाय धुऊन आले आहेत. कार्यक्रमाला अजून चार महिने असायचे. मंडप नाही, पाहुणे नाहीत, आपण पाहुणे आहोत याचा पाहुण्यांना पत्ता नाही. पण वहीत 'मोठ्या उत्साहात संपन्न झाला' एवढं उतरलं की त्यांच्या लेखी निम्मं काम झालेलं असे.

ते आमच्या ग्रामविकास मंडळाचे कार्यवाह. गाव वेंगुर्ल्याहून एसटीने तासाभरावर. सगळे त्यांना कार्यवाहच म्हणायचे, घरची माणसंसुद्धा, त्यामुळे मीही नाव सांगत बसत नाही. मी मुंबईत पोस्टात नोकरी करून, उरलेले दिवस शांतपणे काढायला गावी आलो आणि तिसऱ्या दिवशी सहकार्यवाह झालो. मला विचारायला ते घरी आले, तेव्हा माझ्या संमतीचा ठराव वहीत लिहून झालेला होता. कार्यकारिणी सात जणांची. सभेला येणारे तिघे: ते, मी आणि खजिनदार. सभा खजिनदारांच्याच पडवीत भरायची, त्यामुळे त्यांना ती टाळता येत नसे.

हा उलटा कारभार का, ते सांगतो. आमच्या मंडळाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि शिमग्याला संपतं. अहवाल मात्र छापला जातो पितृपक्षात. आमच्याच गावच्या एकाचा मुंबईत छापखाना आहे, तो अहवाल हौसेने छापून देतो आणि त्याचं यंत्र मोकळं असतं ते त्याच पंधरवड्यात. पितरांच्या दिवसांत कोणी लग्नपत्रिका छापत नाही. मजकूर जायचा गणपती करून परतणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीतून आणि छापील प्रती यायच्या दिवाळीला येणाऱ्यांच्या पिशवीतून. म्हणजे लिहिताना निम्मं वर्ष अजून व्हायचंच असे. दुसऱ्या एखाद्या गावाने छापखाना बदलला असता. आम्ही व्याकरणातला काळ बदलला.

त्यामुळे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आमचं गाव अहवालाबरहुकूम जगायचं. हळदीकुंकवाच्या प्रमुख पाहुण्या म्हणून छापलेल्या बाई ऐन वेळी लेकीकडे गोव्याला निघाल्या, तर कार्यवाह त्यांना एसटी थांब्यावरून परत घेऊन आले. "तुमी इलास म्हणान छापला आसा," एवढंच कारण दिलं. बाई बिचाऱ्या पिशवीसकट व्यासपीठावर बसल्या.

एका वर्षी 'एकवीस रक्तदात्यांनी रक्तदान केले' असं छापून आलं. गावात उरलेली माणसं कशी असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. निम्म्यांचं वय बसत नाही, निम्म्यांचं रक्त भरत नाही. दुपारपर्यंत कसेबसे वीस झाले. डॉक्टरबाई सामान आवरायला लागल्या तसे कार्यवाह खाटेवर आडवे झाले आणि त्यांनी बाही वर केली.

"आजोबा, वय किती तुमचं?"

"बाई, वयाचं राहू दे. एकवीस छापलेत," ते म्हणाले. शहरातल्या माणसांशी ते पुस्तकी मराठी बोलत.

बाईंनी त्यांना उठवलं. तेवढ्यात तीनची एसटी आली. हे सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. कंडक्टर तरुण आणि भिडस्त निघाला. त्याने रक्त दिलं, प्रवाशांनी मंडळाचा चहा घेतला, आणि गाडी पाऊण तास उशिरा पुढे गेली.

हसू नका. म्हणजे हसा, मीही हसायचो. पण एकदा मार्गशीर्षात व्हाळावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, बंधारा घालायचा होता. 'ग्रामस्थांच्या श्रमदानातून' असं छापलेलं होतं आणि ग्रामस्थ कोणाच्या तरी बारशाला गेले होते. कार्यवाह मांडीभर पाण्यात उतरून रेती भरलेल्या पिशव्या एकटेच रचत होते. मी काठावर उभा. वर बघून म्हणाले, "येतंस मां? आपण दोघय ग्रामस्थच." दोन दिवस माझी कंबर धरली होती. बाकीची मंडळं खोटे अहवाल लिहितात. आमचा लिहिताना खोटा असायचा आणि शिमग्यापर्यंत खरा व्हायचा, आणि त्यात हा एक माणूस झिजत होता.

या सगळ्याला हक्काचा प्रेक्षक म्हणजे वरच्या वाडीतली शेवंतीकाकी. वय ऐंशीच्या पुढे, मुलगा मुंबईत. भजन असो, मधुमेहावरचं व्याख्यान असो, काकी पहिल्या रांगेत. अहवालात जे 'बहुसंख्य श्रोते' असायचे, ते म्हणजे बऱ्याचदा काकी आणि मंडपवाला. तिची एकच तक्रार होती.

"सगळ्यांची नावा येतत अहवालात. माजा कधी येतला रे?"

"काकी, तू बहुसंख्येत आसंस," कार्यवाह म्हणायचे.

तेवढ्याने तिचं समाधान व्हायचं नाही. आयुष्यात तिचं नाव कुठे छापून आलेलं नव्हतं. लग्नपत्रिका काढण्याइतकं तिच्या लग्नाचं कोणाला अप्रूप नव्हतं.

मग एका भाद्रपदात काकी आजारी पडली. तालुक्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मुलगा येऊन चार दिवस राहिला आणि रजा संपली म्हणून परत गेला. इकडे आमचा अहवाल पूर्ण होत आलेला, फक्त श्रद्धांजलीचं पान राहिलेलं. खजिनदार म्हणाले, "आता नाय घातला तर फुडल्या वर्साक घालूचा लागतला. शिळा दिसतला." कार्यवाह बराच वेळ टोपण चावत बसले. मग त्यांनी खाली मान घालून लिहिलं. 'ज्येष्ठ सभासद, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमास उपस्थित राहणाऱ्या श्रीमती शेवंतीबाई यांचे दुःखद निधन झाले.' मीही अडवलं नाही. आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज सांगताना मान खाली जाते.

काकीने अहवाल वाचलेला नसल्यामुळे ती बरी झाली.

मुंबईत प्रती आधी वाटल्या गेल्या. मुंबई शाखेने सभेत दोन मिनिटं उभं राहून काकीला श्रद्धांजली वाहिली. तिचा मुलगा सभेला उशिरा पोचला. सगळे उभे आहेत म्हणून तोही मान खाली घालून उभा राहिला. कोणासाठी ते त्याला खाली बसल्यावर कळलं. मग त्याने घरी फोन लावला. फोन काकीनेच उचलला आणि "सुके बांगडे धाडतंय" म्हणाली.

दिवाळीत काठी टेकत काकी खजिनदारांच्या पडवीत आली. तिच्या हातात अहवाल होता. कोणीतरी तिला तिचं नाव आल्याचं सांगितलं होतं. पुढचं सांगायचा धीर कोणाला झाला नव्हता.

"माजा नाव इलाहा म्हणतत. वाच बगया."

कार्यवाहांनी पान उघडलं. चांगली जाड काळी चौकट होती. ते वाचायला लागले. "ज्येष्ठ सभासद, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमास उपस्थित राहणाऱ्या श्रीमती शेवंतीबाई यांचा..." इथे ते अडखळले. कपाळावर घाम आला. "यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला."

"सत्कार? कधी झालो?"

"होवचो आसा गो. माघात, सत्यनारायणाक. आमचा आदी छापता."

काकीने अहवाल पदराखाली घेतला आणि गेली. त्या दिवसापासून हा माणूस बदलला. मंडळाच्या इतक्या वर्षांत त्यांनी छापलेला शब्द कधी मागे घेतला नव्हता. आता आम्ही दोघं भाताची खळ आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन दारोदार फिरलो. पट्टीवर माझ्या अक्षरात सत्काराचा मजकूर लिहिलेला होता. प्रत्येक प्रतीतल्या चौकटीत तो चिकटवला आणि लोकांना सांगितलं, छपाईची चूक आहे. लोकांनीही मोठ्या मनाने मान्य केलं, एवढी मोठी चूक असूनही.

फक्त काकीची प्रत राहिली. ती काही केल्या हातातून सोडेना.

माघ लांब होता. काकीला साधा खोकला झाला तरी यांचा चेहरा उतरायचा. काही ना काही निमित्त काढून रोज वरच्या वाडीत जायचे. कधी औषध, कधी पेज, कधी नुसतंच "काकी, सभेचा सांगूक इलंय." एकदा उतरणीवर दम लागून थांबले आणि मला म्हणाले, "इतकी वर्सा छापलेला खरा करूक धावलंय. ह्या एक खोटा पडूक व्हया. ती ऱ्हवली नाय, तर मीच तिका मारलंय असा होतला." मलाही आतून तेच वाटत होतं.

काकी राहिली. माघात सत्यनारायणाच्या पूजेनंतर सत्कार झाला. ती आयुष्यात पहिल्यांदा व्यासपीठावर बसली. कार्यवाहांनी शाल घातली, नारळ दिला आणि भीत भीत विचारलं, दोन शब्द बोलणार का. ते आटोपतं घेण्यासाठीच विचारलं होतं. काकी उठून उभी राहिली.

"माका वाचूक येना नाय," ती म्हणाली. "पण काळी चौकट दिसता. माज्या घोवाक पण तसलीच घातल्यानी, तो गेलो तेवा."

ती कार्यवाहांकडे वळली.

"वाचताना ह्यो बापडो घामान भिजलो. मी म्हटलंय, गप ऱ्हवया. नाव तर इला."

आणि ती खाली बसली. कार्यवाह व्यासपीठाच्या मागे गेले. मी गेलो तर तिथे केळीच्या खांबाला धरून ते रडत होते, अगदी शाळकरी पोरासारखे. मग तोंड धुतलं आणि प्रसाद वाटायला गेले, कारण अहवालात 'कार्यवाहांनी प्रसाद वाटला' असं होतं.

पुढच्या आषाढात ते गेले. भाताची लावणी बघून आले, पडवीत बसले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच गोष्ट आधी घडली आणि लिहायचं मागे राहिलं.

गणपती झाले. छापखान्यातून फोन आला की यंत्र मोकळं होतंय, मजकूर पाठवा. खजिनदारांच्या पडवीत सभा भरली. आता येणारे दोघे, मी आणि खजिनदार. पण काकी काठी टेकत आली आणि पुढ्यात येऊन बसली. मी श्रद्धांजलीचा मजकूर करून नेला होता, पट्टीने चौकटही आखली होती. मला साठीत 'झिला' म्हणणारी ती एकच.

"झिला, ती चौकट कित्याक?"

"रीत आसा काकी."

"ती ऱ्हवांदे बाजूक. शिमग्यापर्यंत काय काय होवचा आसा?"

मी वाचून दाखवलं. बंधारा, हळदीकुंकू, रक्तदान, सत्यनारायण.

"चारय खेपेक तो हजर होतो, असा घाल."

मी म्हटलं, "काकी, ता खोटा होतला."

"तुमचा सगळा आदी खोटाच आसता मां?"

मी लिहिलं, 'याप्रसंगी कार्यवाह जातीने उपस्थित होते.' चार ठिकाणी लिहिलं. चौकट घातली नाही.

त्या वर्षी बंधाऱ्याला इतके ग्रामस्थ आले की पाण्यात उभं राहायला जागा मिळेना. रक्तदानाला अकरा वाजताच एकवीस झाले, एसटी अडवावी लागली नाही. सगळ्यांनी अहवाल वाचलेला होता, आणि या वेळी कोणाला बोलवायला जावं लागलं नाही.

शिमगा झाल्यावर मी खजिनदारांच्या पडवीत काकीसमोर अहवाल घेऊन बसलो आणि जे जे पार पडलं त्याच्यापुढे खूण करत गेलो. सगळ्यांपुढे झाली. चार वाक्यं उरली. मला पुढे काही दिसेना, म्हणून चष्मा काढून पुसत बसलो.

"काय ऱ्हवला?" काकीने विचारलं.

मी सांगितलं.

ती काठी टेकत उठली. मग म्हणाली, "फुडल्या वर्साक परत घाल."

यंदाही घातली आहेत.