खोकला खरा, वेळ निवडलेली

मिरकरवाड्यातल्या एका बर्फाच्या कारखान्याचं ऑफिस कारखान्याच्याच माडीवर होतं. एक लांबट खोली, चार टेबलं आणि जिन्यावाटे वर येणारा अमोनियाचा वास. जिन्याच्या तोंडाशी, खिडकीलगत लवू भाटकर बसत. बंदराचा वारा तिथेच काय तो येई, म्हणून त्यांना ती जागा प्यारी होती. त्यांनी तिथेच बसावं असं बाकीच्यांनाही वाटे, पण वेगळ्या कारणाने.

लवूंना खोकला होता. आला-गेला असा नव्हे, टेबलखुर्चीसारखा ऑफिसात कायम झालेला. खोकण्याची त्यांची रीत मात्र सभ्य होती. मान खिडकीकडे वळवायची, तोंडावर रुमाल धरायचा, आणि उबळ ओसरली की टायपिस्ट आनंदीबाईंकडे बघून किंचित मान लववायची. आनंदीबाई टाइप करताकरताच मान हलवत. माफी मागितली गेली, मिळाली.

या खोकल्याला एक जोडधंदा होता. गावाकडे पुरुषमाणूस स्वतःच्याच घरात मागल्या दारी जातानाही खाकरून जातो. बायका पदर सावरतात, चाललेलं बोलणं आवरतात. लवूंच्या वडिलांनी त्यांना चालायला आणि खाकरायला बहुधा बरोबरच शिकवलं असावं. ऑफिसात आनंदीबाई एकट्या बाईमाणूस. तेव्हा जिन्यावर कुणाची चप्पल वाजली की लवू त्या माणसाच्या वतीने खाकरून घेत. सुरुवातीला त्यात सभ्यपणाखेरीज काही नव्हतं. मग एकदा त्या आवाजासरशी आनंदीबाईंनी विणकाम खणात टाकलं, पलीकडच्या टेबलावर डोकं टेकलेला रामा शिवलकर ताठ झाला, आणि वर आलेल्या मॅनेजरांना दोघंही कामात बुडालेली दिसली. त्या दिवसापासून सभ्यपणा नोकरीला लागला.

चौऱ्याऐंशी साली जुने मॅनेजर निवृत्त झाले आणि सांगलीकडचे शिंत्रेसाहेब आले. स्वच्छतेचे भोक्ते. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर पाटी लावली, ‘खोकला आल्यास कृपया बाहेर जावे’. लवू आज्ञाधारक. ते बाहेर जिन्याच्या कठड्याशी उभे राहून खोकू लागले. तिथून मासळीच्या लिलावाच्या धक्क्यापर्यंतचा रस्ता दिसे. पूर्वी साहेब जिन्यात आल्यावर वर्दी मिळायची, ती आता साहेब बर्फाच्या टेम्पोला वळसा घालत असतानाच मिळू लागली. ही पाटी आधीच लागायला हवी होती, असं रामाचं मत पडलं.

पण साहेबांना कान होते. आपण यावं आणि भाटकरांना उबळ यावी, हे रोज कसं जुळतं? एका शनिवारी ते चपला हातात घेऊन कारखान्याच्या मागच्या लोखंडी शिडीने वर आले. रामा घोरत होता. आनंदीबाई स्वेटरची बाही स्वतःच्याच हाताला लावून बघत होत्या. लवू बाहेर कठड्याशी, धक्क्यावर नजर लावून, ठणठणीत उभे होते.

“भाटकर,” साहेब पाठीमागून म्हणाले, “मी पुढून आलो की तुम्ही खोकता. मागून आलो की बरे असता.”

“खोकला खरा आहे, साहेब.”

“ते सोमवारी ठरवू. खोटा निघाला तर खाली काउंटरवर बसायचं.”

काउंटर म्हणजे कंप्रेसरला पाठ लावलेली, बिनखिडकीची कोंदट खोली. वर माडीवर नाकाला झोंबणारा वास तिथे डोळ्यांतून पाणी काढायचा. नुसत्या उल्लेखाने लवूंना खरीखुरी उबळ आली. साहेबांनी ती शांतपणे पाहिली आणि तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

खाडीपलीकडे भाट्याला घरी जाताना लवूंनी पुष्कळ विचार केला. खोकला खरा होता. वेळ तेवढी निवडलेली होती. पण एवढं बारीक साहेबांना कोण समजावणार, आणि खरं म्हणजे खरा कुठे संपतो नि निवडलेला कुठे सुरू होतो हे अलीकडे त्यांचं त्यांनाही कळेनासं झालं होतं.

रविवारी दुपारी ते पडवीत लवंडले होते. समुद्राचा वारा होता, अमोनिया खाडीपलीकडे राहिला होता, आणि दर रविवारसारखा खोकलाही तिकडेच. इतक्यात मागल्या दारी बायकोचा आवाज चढला. कमळा न्हाणीच्या धोंडीवर बसून न्हात होती. केसांना शिकेकाई, डोळे घट्ट मिटलेले. पाचोळा वाजला तशी तिने हातातला शिकेकाईच्या पाण्याचा तांब्या आवाजाच्या रोखाने रिकामा केला.

“कोण मेला तो? बाईमाणसाच्या मागल्या दारी येतोस, खाकरायला घसा नाय तुला?”

लवू धावत कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे सवयीने थांबून खाकरले, आणि मग वळले. समोर शिंत्रेसाहेब. सदऱ्यावर शिकेकाईचा फेस.

शेजारच्या गोदूबाईने नंतर सांगितलं की तो माणूस बराच वेळ फणसाआड कान टवकारून उभा होता, तिला वाटलं फणस बघतोय. त्या घडीला लवूंनी एवढंच विचारलं, “चहा घेणार, साहेब?” साहेबांनी घेतला. चहा संपेपर्यंत लवू एकदाही खोकले नाहीत. ते दोघांच्याही ध्यानात आलं.

सोमवारी लवूंनी खण रिकामा करून पिशवी भरून ठेवली. आनंदीबाईंनी लोकर घरीच ठेवली होती. दहाच्या सुमारास जिन्याच्या अगदी तळाशी कुणीतरी घसा खरवडला. आवाज मोठा, नवशिका. एक पायरी चढून पुन्हा तोच आवाज. असं करत करत शिंत्रेसाहेब वर आले, दारात आणखी एकदा खाकरले, आनंदीबाईंना नमस्कार केला आणि खालमानेने आपल्या टेबलाशी जाऊन बसले. काउंटरचा विषय निघाला नाही. भाटकर घरी खोकत नाहीत हे सांगायचं, तर ते कुठे उभं राहून ऐकलं तेही सांगावं लागलं असतं.

लवूंनी पिशवी पुन्हा खणात रिकामी केली.

तेव्हापासून साहेब स्वतःची वर्दी स्वतः देऊ लागले, आणि लोकर ऑफिसात परतली. खिडकी लवूंकडेच राहिली, पण त्यांच्या खोकल्याची नोकरी गेली. पुढे एकदा त्यांना कठड्याशी अशी उबळ आली की कठडा हलला. आनंदीबाईंनी सुया थांबवून रामाकडे पाहिलं.

“विणा तुम्ही,” रामा म्हणाला, “तो खरा आहे.” आणि त्याने डोकं पुन्हा टेबलावर टेकलं.