फोटोवाल्याचं स्वच्छ आभाळ

चौकातल्या फोटोवाल्याने जन्मभर गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसले. स्टुडिओ बंद झाल्यावर तो ताऱ्यांचे फोटो काढायला शिकू लागला, पण तोवर नजर अधू झाली होती आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. गच्चीवरून घेतलेले पुष्कळ फोटो लेकीने कॉम्प्युटरवर जुळवून त्यांचा एक केला. पुढची सफाई तो स्क्रीनला नाक लावून एकटाच करत बसला.

“बघ, कसं लख्ख झालंय!”

लेकीने स्क्रीनवर वाकून पाहिलं. डाग समजून त्याने बारीक तारे पुसून टाकले होते.

“छान आहे, बाबा.”

तिच्या आवाजावरून तो समजला.

“पुन्हा करू ना. मूळ फोटो आहेत,” ती घाईने म्हणाली.

“फोटो आहेत गं. डोळे कुठून आणू?”

त्याने कॉम्प्युटर बंद केला. पुन्हा लावलाच नाही.