जुन्याचं काय केलं?

"नवं काय आलं ते राहू दे. जुन्याचं काय केलं ते वाच."

हे म्हणताना मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि माउसचं चाक गरागरा फिरवत पान थेट तळाला न्यायच्या. मधलं काही पाहायच्या नाहीत. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेलच, ज्याचं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि चहाच्या टपरीवर त्याची नक्कल होते. आमच्याकडे ते वाक्य हे होतं आणि नक्कल करण्यात माझा पहिला नंबर होता.

आमचं ऑफिस रामदासपेठेत, एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालचे पेशंट डोळ्यांत औषध घालून झालं की धूसर नजरेनं जिना चढून आमच्याकडेच यायचे आणि खुर्चीवर बसून नंबर लागायची वाट पाहायचे. त्यांना परत खाली पोचवण्याचं काम मॅडमनी आपणहून अंगावर घेतलं होतं. "या काकाजी, हे डोळ्याचं नाही, इथं फक्त आमचे डोळे जाते," असं म्हणत हात धरून न्यायच्या.

आम्ही रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. आम्ही जे लिहितो ते यंत्राला थेट समजत नाही. ते यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा एक दुभाष्या असतो, त्याला कंपायलर म्हणतात. हा दुभाष्याही अधूनमधून नवा होऊन येतो. येताना सोबत एक लांबलचक पत्रक आणतो. वरच्या भागात आता काय काय नवीन लिहिता येईल त्याचं वर्णन. आम्ही पोरंसोरं ते लग्नातल्या जेवणाचे पदार्थ ऐकावेत तसं वाचायचो. अगदी खाली, बारीक अक्षरात, दुसरा भाग असतो: पूर्वी जे एका प्रकारे चालायचं ते आता कसं वेगळं चालेल. तो भाग कोणी वाचत नाही. मॅडम तेवढाच वाचायच्या.

तेसुद्धा पडद्यावर नाही. पडद्यावरचं डोक्यात बसत नाही म्हणून सीताबर्डीला जाऊन छापून आणायच्या. मग एका हातात पेन्सिल, दुसरा हात मुरमुऱ्याच्या डब्यात, अशी त्यांची बैठक लागायची. कंपायलरबद्दल त्या दूरच्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं बोलायच्या. "यंदा जरा शहाणा होऊन आला." नाहीतर, "याले कोणं सांगितलं होतं हे करायले?"

तुमचं काम तपासायला घेतलं की "चुकलं" हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. "हे काहून लिहिलं गा?" एवढंच विचारायच्या आणि गप्प बसायच्या. त्या गप्प बसण्यानं जीव जायचा. एकदा मी वैतागून सांगितलं, मॅडम, झोप आली होती. तर म्हणाल्या, "मंग झोपाचं होतं. लिहिलं काहून?"

त्यांचा धाकटा भाऊ अधूनमधून ऑफिसात यायचा. आला की दारातूनच सगळ्यांना जयभीम, मग बहिणीच्या डब्यातले मुरमुरे, मग गप्पा. त्याला लहानपणापासून सिकलसेल. आपल्या विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे. त्याला वरचेवर रक्त घ्यावं लागायचं आणि ते आमचंच सॉफ्टवेअर असलेल्या पेढीतून मिळायचं. इतकी वर्षं परक्यांचं रक्त घेतलेल्या माणसाला कोणतंही रक्त चालत नाही. प्रत्येक पिशवी आधी त्याच्या रक्ताशी जुळवून पाहावी लागते. जुळल्याचा रिपोर्ट आल्याशिवाय आमचा प्रोग्रॅम पिशवी बाहेर सोडत नाही. आम्ही त्या भागाला चौकीदार म्हणायचो. मॅडमनी नोकरीला लागल्यावर पहिलं काम केलं ते हे. भाऊ चिडवायचा, "तुह्या चौकीदारापायी मले घंटा घंटा बसा लागते." मॅडम हसायच्या. त्यांना ते कौतुकच वाटायचं, आणि होतंही.

तर एका उन्हाळ्यात नवा कंपायलर आला. कूलर घरघरतोय, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि साहेब घाईत. साहेब म्हणजे आमचे मालक, माणूस चांगला पण पायाला भिंगरी. नव्या कंपायलरवर तयार केलेला प्रोग्रॅम सोमवारी पेढीत बसवतो असं कबूल करून बसले होते. आमच्या सगळ्या चाचण्या पार पडल्या होत्या. मॅडमचं वाचन तेवढं बाकी होतं. साहेब दोनदा येऊन डोकावून गेले आणि दुसऱ्यांदा म्हणालेही की मॅडम, तुमचं पारायण कधी संपतंय?

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. मुरमुरे चघळायच्या थांबल्या. मला जवळ बोलावलं.

"पाह्य गा. तू कोणाच्या घरात शिरला, खुर्चीवर बसला, पाणी पेला, आन् मंग विचारलं, घरात कोणी आहे का? जुना कंपायलर म्हणे, विचारते तर विचारू दे. हा नवा काय म्हणते, बसलाच आहे ना आत, म्हणजे कोणीतरी असनच. मंग कायले विचारा लागते? आन् तो प्रश्नच काढून टाकते. आपल्याले न सांगता."

मला हसू आलं. म्हटलं, असं उलटं कोण लिहितं? त्या हसल्या नाहीत. थेट साहेबांकडे गेल्या आणि दोन दिवस मागितले. साहेबांनी कबूल केल्याची आठवण करून दिली, पेढीवाल्यांना काय तोंड दाखवू म्हणाले. मॅडमचा आवाज चढला नाही.

"शब्द तुमचा आहे, साहेब. पिशवी माह्या भावाले लागते."

साहेब खुर्चीत बसले. म्हणाले, घ्या दोन दिवस.

मग आम्ही सगळे असं उलटं लिहिलेलं कुठं आहे ते शोधायला लागलो. जो तो दुसऱ्याच्या कामात खुसपट काढायला टपलेला. मॅडमनी माझं सगळं लिखाण बारकाईनं पाहिलं आणि चक्क काही सापडलं नाही. मी कॉलर ताठ करून फिरत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या पडद्यावर चौकीदार उघडा होता.

लागोपाठ दोन ओळी. पहिली ओळ: रिपोर्टमधला मजकूर पिशवीच्या नोंदीत उतरवून घे. दुसरी: रिपोर्ट आहे का पाहा, नसेल तर थांब. रिपोर्ट नसला की पहिल्या ओळीत उतरवायला काही नसायचं, म्हणून कोणाचं काही बिघडायचं नाही, आणि दुसरी ओळ पिशवी अडवायची. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. आधी हात लावायचा, मग विचारायचं. आणि लिहिणाऱ्या मॅडम स्वतः.

आम्ही रिपोर्ट नसलेला एक नकली पेशंट तयार केला. आमच्या चाचण्यांत तसा कोणी नव्हता. सगळ्या नकली पेशंटांचे रिपोर्ट कसे वेळच्या वेळी आलेले. जुन्या कंपायलरवर चालवलं, पिशवी थांबली. नव्यावर चालवलं. पडदा हिरवा झाला आणि पिशवी सुटली.

रिपोर्ट आहे का, हा प्रश्नच नव्या कंपायलरनं काढून टाकला होता. सोमवारी हे पेढीत बसलं असतं. मॅडम त्या हिरव्या पडद्याकडे पाहत राहिल्या. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चुकलं. माहं चुकलं." तो शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढाच एकदा ऐकला.

साहेब समजूत घालायला आले. जाऊ द्या मॅडम, म्हणाले, इतकी वर्षं नीट चालूनच राहिलं होतं ना.

"चालून राहिलं होतं, म्हणून तं दिसलं नाही," मॅडम म्हणाल्या.

दुरुस्ती म्हणाल तर एवढीच, की दोन ओळींची अदलाबदल. मी करू का विचारलं तर माझा हात बाजूला केला. स्वतः केली. नकली पेशंट पुन्हा चालवला, एकदा, दोनदा, मग कितीतरी वेळा. पडदा दर वेळी लाल. मग मॅडम गॅलरीत गेल्या. भावाला फोन लावला आणि विचारलं, "जेवला का?" पलीकडून तो काहीतरी थट्टेचं बोलला असणार. त्या बराच वेळ नुसतं "हाव, हाव" करत राहिल्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. मला ते बघवेना. मी उगाच खाली जाऊन चहा सांगून आलो.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाला आलूबोंडे आणले, साहेब भाषण करता करता अडखळले, मॅडमनी भाषण करायला साफ नकार दिला. आता डोळे धूसर झालेले पेशंट वर आले की त्यांना मी खाली पोचवतो. मला मॅडमसारखं बोलता येत नाही. काकाजी लोक माझ्यावर चिडतात.

मागच्या आठवड्यात परत नव्या कंपायलरचं पत्रक आलं. मी ते छापून आणून, पेन्सिल घेऊन बसलोच होतो, तर भरदुपारी मॅडमचा फोन. रक्तपेढीतून. भावाला घेऊन गेल्या होत्या. पिशवी समोर काढून ठेवलेली, पण तपासणारा जेवायला गेला आणि रिपोर्ट चढवायचा राहिला. काउंटरवरचा माणूस यांना वर्षानुवर्षं ओळखणारा. तो म्हणाला, मॅडम, तुमचीच आहे, घेऊन जा, आणि बटन दाबलं. पडदा लाल. परत दाबलं, परत लाल. शेवटी तोच यांना विचारू लागला की हे तुम्हीच बनवलं ना, मग काहीतरी जुगाड सांगा.

मी घाईघाईनं म्हटलं, मॅडम, मी तिथं कोणाशी बोलू का?

"कायले? बसलो आहो ना बाकावर. मुरमुरे आणले आहे."

मागून भावाचा आवाज आला, याच चौकीदारानं मले म्हातारं केलं म्हणून. मॅडमनी त्याला गप्प केलं. मग आवाज एकदम खाली आणून, एखादी आनंदाची बातमी सगळ्यांत आधी मलाच सांगावी तशा म्हणाल्या,

"थांबवलं गा त्यानं. मी समोर उभी होती, तरी थांबवलं."