डावखुरा लोहार

शनिवार, १२ एप्रिल. हजर: मी, नवरा, लेक तनू आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्नहून दोन तासांवरचं, गुलामगिरीच्या काळातली लोहारशाळा दाखवणारं संग्रहालय.

लोहार साठीचा, कृष्णवर्णीय. प्रत्येक घावाआधी तो ऐरणीवर हातोडा दोनदा हलकेच टेकवायचा. तनूने मला कोपर मारलं. "आई, लेफ्टी! माझ्यासारखा!"

त्याने ऐकलं आणि हसला. म्हणाला, "आमचा मूळ पुरुष इथेच गुलाम होता, लोहारकाम करायचा. तो पळाला, तेव्हा मालकाने पेपरात ओळख छापली: कामात तरबेज, डावखुरा. मग तो दूरच्या गावात जन्मभर उजव्या हाताने घाव घालत राहिला. कधीच सापडला नाही! घरी मात्र दार लावून मुलांना डाव्या हातानेच शिकवलं." त्याने लालभडक सळई उचलली. "मी दार उघडं ठेवतो."

सासूबाईंनीच पहिली टाळी वाजवली. तनूला रोज "उजव्या हाताने जेव" म्हणून बजावणाऱ्या आम्ही दोघीच, त्या आणि मी.

परतताना गाडीत तनूने डाव्या हाताने पोळीचा रोल खाल्ला. सासूबाई म्हणाल्या, "अजून एक घे गं."

डावखुऱ्यांची कात्री तनू तिसरीत असल्यापासून माझ्या यादीत आहे. आता ती सातवीत आहे. कात्री आणायची राहिली आहे.